सप्टेंबरातले स्वस्त बेट

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेत न्यू जर्सीत राहते. एकदा जुलै महिन्यात तिचा फोन आला. साताऱ्याहून आईवडील तिच्याकडे आले होते, धाकटी मुलगी अजून शाळेत जायची होती, आणि सप्टेंबरात सगळ्यांनी मिळून आठ दिवस कॅरिबियन समुद्रातल्या एखाद्या बेटावर जावे असा घरात बेत चालला होता. जानेवारीत जी खोली परवडत नाही, तीच सप्टेंबरात जवळजवळ निम्म्या भाड्यात मिळत होती. "स्वस्त का आहे ते मला कळतं हो सर," ती म्हणाली, "तेव्हा तिकडं वादळं असतात. पण किती घाबरायचं ते कोणी सांगत नाही. एक मैत्रीण म्हणते, वेड लागलंय का तुला? दुसरी म्हणते, आम्ही तीनदा गेलो, काही झालं नाही."

आम्ही दोघे, एक भूगोलाचा शिक्षक आणि एक गणिताची शिक्षिका, त्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता हाच विषय बोलत बसलो. दोन्ही मैत्रिणींची उत्तरे आम्हाला सारखीच निरुपयोगी वाटली. 'किती' या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' हे उत्तर होत नाही. मग नववी-दहावीच्या मुलांना सोबत घेऊन आम्ही जो हिशेब मांडला, तो येथे देत आहोत. भूगोलाचे चार धडे आणि संभाव्यतेचा एक धडा त्यात आपोआप शिकवून होतो.

आधी कालमर्यादा पाहू. अटलांटिक महासागर व कॅरिबियन समुद्र यांतील चक्रीवादळांना हरिकेन म्हणतात. त्यांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी पाहिली, तर एका हंगामात नाव देण्याइतकी मोठी अशी १४ वादळे होतात. त्यांतली ७ हरिकेनच्या पातळीला, म्हणजे ताशी ११९ किलोमीटर किंवा अधिक वेगाला पोचतात, आणि ३ अतितीव्र होतात. हंगामाचा माथा १० सप्टेंबरच्या आसपास येतो.

माथा सप्टेंबरातच का, असे मुलांनी लगेच विचारले. सूर्य तर २१ जूनला कर्कवृत्तावर असतो. पण सूर्य तापवतो ते पाणी, आणि पाणी सावकाश तापते. मे महिन्यात टाकीवरचा पत्रा दुपारी बारालाच चटका देतो, टाकीतले पाणी मात्र संध्याकाळी सर्वांत कोमट असते, तसेच हे. वादळाला वरचा पातळ थर तापून चालत नाही. सुमारे साडेसव्वीस अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी चांगले पन्नासेक मीटर खोलीपर्यंत असावे लागते, नाहीतर वाराच समुद्र ढवळून खालचे थंड पाणी वर आणतो आणि वादळाचे इंधन संपते. इतक्या खोलवर ऊब पोचायला ऑगस्ट उजाडतो.

येथे एक तुलना वर्गात अवश्य करावी. आपल्या अरबी समुद्रात मात्र वादळांचे हंगाम दोन असतात, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. भर जुलै-ऑगस्टात मोठी चक्रीवादळे जवळजवळ नसतात. पाणी तेव्हाही उबदारच असते, मग अडते कुठे? अडते ते वाऱ्यात. पावसाळ्यात खाली नैऋत्येचा जोरदार वारा असतो आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर नेमका उलट, पूर्वेचा वारा वाहतो. वादळ म्हणजे उबदार, दमट हवेचा उभा खांब. त्याचा पाया एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे ओढला गेला, की खांब उभाच राहत नाही. कॅरिबियनवर ऐन सप्टेंबरात वरच्या आणि खालच्या वाऱ्यांतला हा फरक बराच कमी झालेला असतो. तेथे पाणी आणि वारा एकाच वेळी अनुकूल होतात, आणि हंगाम एकच पण भरगच्च होतो.

वादळांचे बी बहुधा आफ्रिकेतून येते. उत्तर आफ्रिकेवरून पश्चिमेकडे कमी दाबाच्या लाटा सरकत असतात. वर्षाला साधारण साठेक लाटा अटलांटिकवर उतरतात. बहुतेक विरून जातात, थोड्या वादळ होतात, आणि व्यापारी वाऱ्यांबरोबर पश्चिमेला निघतात. केप व्हर्दे बेटांपासून कॅरिबियनच्या पूर्वेकडील बेटमाळेपर्यंतचे अंतर साडेतीन-चार हजार किलोमीटर आहे. ताशी २५ किलोमीटरने सरकणाऱ्या वादळाला तेवढ्यासाठी सहाएक दिवस लागतात. म्हणजे अशा वादळाची खबर पूर्वेकडील बेटांना बरेच दिवस आधी असते. ऑक्टोबरात चित्र बदलते. तेव्हा वादळे पुष्कळदा कॅरिबियन समुद्राच्या पश्चिम भागातच जन्मतात किंवा तेथे येऊन बळावतात. जमैका, क्यूबा, होन्डुरास यांना त्यामुळे हाताशी वेळ कमी मिळतो. १९९८ चे मिच हे वादळ असेच ऑक्टोबरातले. त्याने होन्डुरास आणि निकाराग्वात हजारो माणसे मारली. तीही मुख्यतः वाऱ्याने नव्हे, तर डोंगरांवर कोसळलेल्या पावसाने. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी जमैकावर आदळलेले मेलिसा पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे होते. बेटांवर मुलांना या महिन्यांची चढउतार सांगणारे एक जुने बडबडगीत शिकवतात. ते रचणाऱ्याला मेलिसा भेटले नव्हते.

श्रेण्यांविषयी एकच गोष्ट. पहिली श्रेणी ताशी ११९ किलोमीटरपासून सुरू होते, पाचवी २५२ पासून. वेग दुपटीहून थोडा अधिक, पण भिंतीवर पडणारा वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तो साडेचारपट होतो. मुलांना हे आकडे स्वतः काढू द्यावेत.

आता बेट कोणते निवडायचे ते पाहू. पर्यटनाच्या पुस्तिकांत एक वाक्य हमखास सापडते: अमुक बेट 'वादळांच्या पट्ट्याबाहेर' आहे. आमची विद्यार्थिनीही असेच एक बेट शोधत होती, आणि तिच्या यादीत दोन नावे होती, ग्रेनाडा आणि क्युरासाओ. आम्ही नकाशा उघडला. दोन्ही बेटे १२ उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, जवळजवळ एकाच रेषेत आहेत. ग्रेनाडा पूर्वेला, क्युरासाओ तेथून सुमारे ८०० किलोमीटर पश्चिमेला.

पाठ्यपुस्तकातले स्पष्टीकरण कोरिऑलिस प्रभावाचे असते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या हवेला वळण मिळते. हे वळण अक्षांशाच्या ज्येच्या, म्हणजे साइनच्या प्रमाणात असते. विषुववृत्तावर ते शून्य. ५ अंशांवर ज्या ०.०९, १२ अंशांवर ०.२१ आणि १८ अंशांवर, म्हणजे प्वेर्तो रिकोच्या आसपास, ०.३१. म्हणून विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण पाच-पाच अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळ क्वचितच तयार होते. दहावीच्या एका मुलाने लगेच निष्कर्ष काढला की बारा अंशांवर वळण कमी, म्हणून दोन्ही बेटे सुरक्षित.

मग आम्ही त्याला वादळांच्या नोंदी दिल्या. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जॅनेट हे हरिकेन ग्रेनाडावर आले. त्यानंतर ४९ वर्षे एकही मोठे हरिकेन थेट आले नाही. एक अख्खी पिढी म्हातारी होत आली, आणि आपले बेट पट्ट्याबाहेर आहे ही समजूत पक्की झाली. ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन आले. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपासचा वारा. बेटावरच्या दर दहा घरांपैकी नऊंना इजा झाली, ३९ माणसे गेली. पुढच्याच वर्षी जुलैत एमिली आले. आणि १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे चौथ्या श्रेणीचे वादळ याच देशाच्या कॅरियाकू बेटावरून गेले. ते पुढे पाचव्या श्रेणीला पोचले. इतक्या लवकर, जुलैच्या आरंभी, पाचव्या श्रेणीला पोचलेल्या अटलांटिक वादळाची त्याआधी नोंद नव्हती.

ग्रेनाडाच्या राष्ट्रध्वजावर जायफळ आहे. आयव्हनपूर्वी जायफळाच्या उत्पादनात इंडोनेशियाच्या खालोखाल हेच छोटे बेट होते. एका दिवसात बहुतेक झाडे आडवी झाली. जायफळाचे झाड फळाला यायला सहा-सात वर्षे घेते, आणि पूर्ण भरात यायला त्याहून पुष्कळ अधिक. आमच्या वाचकांपैकी जे रायगड-रत्नागिरीकडचे आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी आणि त्यांच्या सावलीतली जायफळे अशीच पडली. निसर्गाचा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरातला होता. आयव्हनच्या वाऱ्याचा दाब त्याच्या सुमारे तिप्पट होता, एवढ्यावरून अंदाज यावा.

तर अक्षांश सारखाच. मग क्युरासाओ, अरुबा, बोनेर या तीन बेटांच्या नोंदी इतक्या कोऱ्या का? आम्हाला स्वतःला हा प्रश्न सर्वांत आवडला, कारण त्याचे उत्तर एका वाक्यात बसत नाही.

पहिले कारण असे. वादळ केवळ भोवतालच्या वाऱ्याबरोबर वाहत जात नाही, ते स्वतःच्या फिरण्यामुळेही थोडे सरकते. उत्तर गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्याच्या पश्चिम बाजूला हवा उत्तरेकडून खाली येते. उत्तरेकडे पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम अधिक, म्हणून ही हवा जास्त भोवरा घेऊन येते. पूर्व बाजूला दक्षिणेकडची, कमी भोवऱ्याची हवा वर जाते. दोन्ही बाजूंच्या या विषमतेमुळे वादळाच्या मध्यातून वायव्येकडे जाणारा एक हलका प्रवाह तयार होतो. वादळ पश्चिमेला जाता जाता उत्तरेकडे चढत राहते. समजा, उत्तरेकडचे सरकणे ताशी फक्त ४ किलोमीटर आहे. ग्रेनाडा ते क्युरासाओ हे ८०० किलोमीटर कापायला ताशी २५ च्या वेगाने ३२ तास लागतात. तेवढ्या वेळात वादळ १२८ किलोमीटर उत्तरेला गेलेले असेल. आयव्हन ग्रेनाडाला झोडपून निघाले ते क्युरासाओच्या उत्तरेकडून गेले. २००७ चे फेलिक्सही तसेच.

दुसरे कारण दक्षिणेला आहे. ही तीन बेटे व्हेनेझुएलाच्या अंगाला लागून आहेत. अरुबापासून मुख्य भूमी तीस किलोमीटरही नाही. तेथून जाऊ पाहणाऱ्या वादळाचा दक्षिणेकडचा अर्धा भाग जमिनीवर आणि डोंगरांवर घासतो, त्याला ओलावा मिळत नाही. शिवाय किनाऱ्याला समांतर वाहणारे जोरदार व्यापारी वारे वरचे पाणी समुद्रात आत लोटतात आणि खालचे गार पाणी वर येते. त्यामुळे तिथला समुद्र तुलनेने थंड राहतो. हीच परिस्थिती पावसालाही मारक आहे. ही बेटे कोरडी, निवडुंगाची. वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्याइतकाच. वर्षभर एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्याने तिथली दिवी-दिवीची झाडे एका बाजूला पार वाकलेली असतात. ज्या कारणाने या बेटांवर हिरवीगार झाडी नाही, बऱ्याच अंशी त्याच कारणाने वादळही नाही. नारळीच्या राईत झोपाळा टांगायचे स्वप्न बघणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे.

अर्थात 'नाही' म्हणजे 'क्वचित'. सप्टेंबर १८७७ मध्ये क्युरासाओवर हरिकेन येऊन गेले आहे. आणि नोव्हेंबर १९९९ मध्ये लेनी नावाचे वादळ कॅरिबियन समुद्रातून चक्क पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले. तेथील बेटांची पूर्व बाजू वाऱ्याची आणि खवळलेली, पश्चिम बाजू आडोशाची आणि शांत. म्हणून सुंदर पुळणी, कोळ्यांच्या होड्या आणि हॉटेले बहुधा पश्चिमेला. लेनीच्या लाटा नेमक्या या आडोशाच्या बाजूवर आपटल्या. आडोसा हा नेहमीच्या वाऱ्यापुरताच आडोसा असतो.

आता संभाव्यतेकडे वळू. येथील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे.

समजा, एखाद्या बेटापासून १०० किलोमीटरच्या आतून वर्षाकाठी हरिकेन जाण्याची शक्यता दहात एक आहे. तीतला तीन-चतुर्थांश भाग ऐन हंगामाच्या दहा आठवड्यांत सारखा विभागलेला आहे असे धरले, तर त्यांतल्या एका आठवड्याच्या वाट्याला ०.१ × ०.७५ ÷ १० म्हणजे ०.००७५ येते. शेकडा एकाहूनही कमी. 'आम्ही तीनदा गेलो, काही झालं नाही' या अनुभवातून म्हणूनच काहीच सिद्ध होत नाही. या हिशेबाने तीनदा गेलेल्या शंभर कुटुंबांपैकी जवळजवळ अठ्ठ्याण्णव असेच सांगतील.

पण सहल बिघडायला वादळ डोक्यावरून जायची गरज नसते. ते पाचशे किलोमीटरवरून गेले तरी विमाने रद्द होऊ शकतात, समुद्रात उतरता येत नाही, दुकाने बंद होतात. मग शक्यता किती वाढली? वर्गात बहुतेकांनी पंचवीसपट सांगितले, कारण त्रिज्या पाचपट तर क्षेत्रफळ पंचवीसपट. हे चूक आहे. वादळ हा नकाशावर पडलेला ठिपका नाही, ती रेघ आहे. फरशीवर एक वर्तुळ काढून त्यावर लांब काड्या टाकून पाहा. वर्तुळाला किती काड्या छेदतात ते त्याच्या व्यासावर अवलंबून असते, क्षेत्रफळावर नाही. म्हणजे शक्यता पाचपटच होते, सुमारे पावणेचार टक्के. सव्वीस-सत्तावीस सहलींत एखादी. आमच्या विद्यार्थिनीला हा आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "हे झालं उत्तर!"

ग्रेनाडाच्या शांत ४९ वर्षांचाही हिशेब मुलांनी केला. वर्षाला शक्यता पंचविसात एक असेल, तर लागोपाठ ४९ वर्षे काहीच न होण्याची शक्यता ०.९६ चा ४९ वा घात, म्हणजे ०.१३५. साधारण सातास एक. कॅरिबियनमध्ये इतकी बेटे आहेत की त्यांतल्या एखाद्याच्या वाट्याला अशी निवांत अर्धशतके यायचीच. त्यावरून त्या बेटाचा काही खास गुण ठरवायचा नसतो.

आणि उलट बाजूचा हिशेब एका मुलीने आपण होऊन केला, आम्ही सांगितला नव्हता. ज्या बेटावर वर्षाची शक्यता दहात एक, तेथे तीस वर्षे राहणाऱ्याचे काय? एकातून ०.९ चा ३० वा घात वजा करायचा: ०.९६. पाहुण्यासाठी शंभरात एकाहून कमी. खोली झाडणाऱ्या बाईसाठी शंभरात शहाण्णव. आकडा तोच, माणूस बदलला. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर बार्बुडा बेटावरच्या सगळ्या रहिवाशांना शेजारच्या अँटिग्वात हलवावे लागले आणि काही दिवस बेटावर माणूस राहिला नाही. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मारिया वादळ डॉमिनिकावरून आणि मग प्वेर्तो रिकोवरून गेले. मुलांनी फळ्यावर ही दोन्ही नावे ०.९६ च्या शेजारी लिहून ठेवली होती. आम्ही दोन दिवस ती पुसली नाहीत.

समुद्र तापत चालला आहे, त्याचे काय, हेही विचारले गेले. वादळांची एकूण संख्या वाढेलच असे म्हणता येत नाही. पण जी होतात त्यांत तीव्र वादळांचे प्रमाण, त्यांचा पाऊस आणि किनाऱ्यावर चढणारे पाणी वाढते, असे आजचे शास्त्र सांगते. बेरिल साध्या कमी दाबाच्या पट्ट्यापासून अतितीव्र हरिकेनपर्यंत दोन दिवसांच्या आत पोचले. म्हणून 'सध्या तर लहानच आहे' या वाक्यावर विसंबू नये.

शेवटी अंदाज वाचण्याची गोष्ट. मायामीचे राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळाच्या पुढच्या पाच दिवसांचा मार्ग शंकूच्या आकारात दाखवते. पुष्कळांना वाटते, शंकू म्हणजे वादळाचा आकार; तो रुंदावत जातो म्हणजे वादळ मोठे होत जाते. तसे नाही. शंकू रुंदावतो तो आपल्या अज्ञानामुळे. उद्याच्या अंदाजातली सरासरी चूक पन्नास-साठ किलोमीटरची, पाचव्या दिवसाच्या अंदाजातली तीनशे-चारशेची. आणि शंकू असा आखलेला असतो की वादळाचे केंद्र साधारण तीनांपैकी दोन वेळा त्यात राहते. तिसऱ्या वेळी ते बाहेर पडते! शिवाय वारा-पाऊस केंद्रापासून कितीतरी दूर पसरलेला असतो. आपले बेट शंकूच्या रेघेबाहेर आहे म्हणून समुद्रात पोहायला जाणे म्हणजे नकाशा न समजणे.

विम्याचेही येथेच सांगतो. प्रवासाचा विमा वादळाला नाव मिळण्याच्या आधी घेतलेला असावा लागतो. नाव मिळाल्यावर ती घटना 'अपेक्षित' ठरते आणि भरपाई सहसा मिळत नाही. फासा पडल्यावर पैज लावता येत नाही, हे विमा कंपन्यांना गणिताच्या शिक्षकांइतकेच ठाऊक आहे.

वडील मध्येच फोनवर आले. त्यांचा मुद्दा वेगळा होता: सप्टेंबरातच बेट हवे, तर मॉरिशसला का नाही? तेथे मराठी माणसेही आहेत! मुद्दा शास्त्राला धरून होता. मॉरिशस दक्षिण गोलार्धात २० अंशांवर. तेथला वादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे सप्टेंबर निर्धोक. तेथेही १९६० च्या कॅरोल वादळाने एवढी घरे पाडली की त्यानंतर लोक काँक्रीटची सपाट छपराची घरे बांधू लागले. पण न्यू जर्सीहून मॉरिशस जगाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिकिटाचा खर्च खोलीच्या स्वस्ताईच्या कितीतरी पट. तो बेत तेथेच मिटला.

शेवटी तिने क्युरासाओ नक्की केले, सप्टेंबरचा दुसरा आठवडा. हॉटेल काँक्रीटचे आहे का, विजेसाठी जनित्र आहे का आणि पाण्याची टाकी किती दिवस पुरते, हे तिने पत्र लिहून विचारले. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठ दिवसांऐवजी वीस दिवसांच्या घेतल्या, थोडी रोकड वेगळी ठेवली आणि विमा जुलैतच उतरवला. आईवडिलांची तिकिटे पैसे परत मिळणारी काढली, आपली आणि नवऱ्याची मात्र साधी, स्वस्तातली. हा शेवटचा हिशेब तिचा स्वतःचा. आम्ही तो तपासायला मागितला नाही.